अनुष्काने केलेला लिलाव

आमच्या घरी सकाळची प्रार्थना चहाच्या आधी होते आणि शाळा चहाच्या नंतर. शाळा म्हणजे आमची पडवी. भिंतीला एक फळा, खाली सतरंजी, शिकवायला माझी सून दीप्ती आणि शिकायला तिच्या दोन मुली. अनुष्का बारा वर्षांची, रेश्मा सहाची. दीप्ती आधी एखादं स्तोत्र म्हणवून घेते, मग गणित, मग बाकीचं. मधेच कुकरची शिट्टी झाली की अनुष्का उठून गॅस बारीक करते आणि परत येऊन त्याच गणितावर बसते.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढला. पोलादपूरच्या डोंगरातल्या किती वाड्यांवर पोरांना बाराखडी शिकवली याची गणती नाही. अजूनही बाजारात मिशीवाले बाप्ये पायाला हात लावतात आणि म्हणतात, "बाई, वळखलं नाय?" तेव्हा माझ्याच नाती शाळेत जात नाहीत याचं लोकांना नवल वाटतं. पहिल्यांदा मलाही वाटलं होतं. आम्ही तेव्हा महाडला भाड्याने राहत होतो. कोरोनात शाळा बंद झाली. ती उघडणार, उघडणार म्हणेपर्यंत पुढच्या वर्षीच्या जुलैत सावित्री नदीचं पाणी घरात शिरलं, आणि आम्ही उरलंसुरलं घेऊन पोलादपूरला आलो. त्या सगळ्या गोंधळात दीप्तीने मुलीला घरीच शिकवायला घेतलं. शाळा उघडल्यावर ती मला म्हणाली, "आई, हिचं छान चाललंय. मी हे चालूच ठेवते." माझा मुलगा विनीत महाडच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. तो म्हणाला, "बघ बाई, तुला झेपत असेल तर." तिला झेपलं. मी पुष्कळ शिक्षक पाहिलेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा ती चांगली शिकवते, हे मी कुणालाही सांगेन.

हिशेब शिकवायची तिची एक वेगळी तऱ्हा होती. शेजारच्या तुळजाबाई भाजी घेऊन महाडच्या बाजारात बसतात. आठवड्यातून एक दिवस दीप्ती अनुष्काला त्यांच्याबरोबर पाठवायची. संध्याकाळी तुळजाबाई पडवीत टेकून तक्रार करायच्या.

"गो दीप्ती, ही तुझी पोर गिऱ्हाईक पळवते माझं! बाईला सांगते काय, भेंडी कालची हाय म्हणून."

"कालचीच होती ना, मावशी?"

"होती. पन ती मी सांगायची का हिनं? आनि सांगून वर भाव कमी केलान!"

"मग विकली गेली का?"

"गेली," तुळजाबाई नाक मुरडून म्हणायच्या. "सगळी गेली. पुढच्या खेपेलाही धाड."

सगळं असं सुरळीत होतं, फक्त माझ्या लेकीला ते पटत नव्हतं. सरिता विनीतपेक्षा मोठी, पनवेलला बँकेत अधिकारी. नवरा गेला, मुलगा कॅनडात. बोलायला फटकळ, पण भावावर जीव. आमच्या चर्चच्या हंगामाच्या सणासाठी ती आदल्या दिवशी दुपारी आली, पिशवीभर खाऊ घेऊन, आणि चहा घेतानाच सुरू झाली.

"अनुष्का, मैत्रिणी किती तुला?"

"तीन. आणि तुळजाआजी."

"म्हातारी मैत्रीण!" सरिताने दीप्तीकडे पाहिलं. "काय गं, हिला मठात बसवणार आहेस का?"

"नाही ताई," दीप्ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "सध्या पोळ्यांना बसवते. गोल नाही जमत अजून."

विनीत हसला, पण सरिता हसली नाही. मुलींना बाहेर पाठवून तिने सरळ विषय काढला. तिच्या इमारतीसमोरच मोठी शाळा आहे. जूनमध्ये अनुष्काला ती पनवेलला घेऊन जाईल, सगळं तीच करेल. "स्तोत्रं पाठ झाली म्हणजे जग कळत नाही, विनीत. चार माणसांत मुलगी उभी राहायला हवी. घरात वाढलेली मुलं बाहेर बावरतात. मी बँकेत रोज बघते, पदव्या असतात आणि तोंडातून शब्द फुटत नाही."

विनीतने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मलाही कधी कधी तीच भीती वाटते, दीप्ती. उद्या सणाला सगळी मंडळी असतील. ताईपण बघेल, मीपण बघेन. तिथे बावरली, तर जूनमध्ये ताईकडे जाऊ दे."

तांदळावरचा दीप्तीचा हात थांबला. लेक घरातून जाणार की राहणार, हे एका दिवसावर टाकून नवरा मोकळा झाला होता. दुसरी कुणी रडली असती. ही म्हणाली, "बघा. पण बघायचं तर पुरतं बघा. अर्ध्यावर निकाल लावायचा नाही."

हंगामाचा सण म्हणजे आमचं पिकाचं उपकारस्मरण. ज्याच्या घरी जे पिकलं, जे केलं, ते तो देवापुढे आणतो आणि उपासना झाली की त्या वस्तूंचा लिलाव होतो. माझं माहेर नगरकडचं. तिथे लहानपणी हा लिलाव देवळापुढच्या, म्हणजे चर्चपुढच्या, खळ्यावर व्हायचा. बाजरीची कणसं, कोंबड्या, एखादं करडू. माझे वडील खाटेवर उभे राहून पुकारायचे. एका वर्षी एकाच अंड्याचा लिलाव दुपार कलेपर्यंत चालला. जो घ्यायचा तो परत द्यायचा, आणि पुन्हा बोली. शेवटी ते कुणाच्या तरी हातातून पडलं, तरी त्याची बोली झालीच. अंड्याची किंमत कुणीच पाहत नव्हतं. हे मला न शिकवता कळलं, कारण मी त्यात वाढले. अनुष्काच्या वाट्याला आलेला हा पहिलाच मोठा लिलाव, कारण मधली काही वर्षं आधी साथ आणि मग पूर यात गेली होती. तिला नीट समजावून सांगावं, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

महाडात आमची मंडळी थोडकी. बाजारपेठेमागे उपासनेसाठी एक हॉल भाड्याने घेतलाय, पुराच्या भीतीने मुद्दाम वरच्या मजल्यावर. त्या रविवारी टेबलावर भाताच्या लोंब्या, नारळ, केळफुलं, कुणाचे लाडू, कुणाची लोणच्याची बरणी आणि कशेडी घाटाकडे टपरी चालवणाऱ्या एका कुटुंबाने आणलेला एक भलामोठा लाल भोपळा. उपासना झाली. लिलाव नेहमी साळवेमामा करतात, पण त्यांचा घसा सर्दीने पार बसला होता. ते उभे राहिले आणि कुणी कोंबड्याची मान धरल्यासारखा आवाज आला. सगळे हसले.

"दुसरं कोण पुकारतंय?" उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी विचारलं.

तरुण पोरं एकमेकांना ढकलायला लागली. तेवढ्यात सरिता म्हणाली, "आमच्या अनुष्काला उभी करा की. बाजारात बसते म्हणे ती."

मी दीप्तीकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा."

अनुष्का गेली. नारळ चटकन गेले. मग तिने भोपळा दोन्ही हातांनी उचलला, पोटाशी धरला आणि बोली मागितली. पुढच्या रांगेत सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई बसल्या होत्या. त्यांनी दणक्यात सुरुवात केली, "पाचशे!"

अनुष्काने भोपळा खाली ठेवला.

"पाचशे कशाला देता, आजी?" ती काकुळतीने म्हणाली. "खाली बाजारात एवढा भोपळा शंभराला मिळतो. मी परवाच विकलाय."

सगळा हॉल असा हसला की खालच्या दुकानदाराने वर डोकावून पाहिलं. साळवेमामा फुटक्या आवाजात ओरडले, "अगं पोरी, भाव चढवायचा असतो, पाडायचा नसतो!" कुणीतरी म्हणालं, "हिला पुढच्या वर्षी वजनकाटे खात्यात घ्या." अनुष्काचे कान लाल झाले. भोपळा आणणारी बाईही खाली बघायला लागली.

सरिता माझ्या कानाशी म्हणाली, "बघितलंस ना, आई? बावरली नाही, पण माणसांत कसं वागतात ते ठाऊकच नाही. घरात बसून हे कसं कळणार?" पलीकडे विनीतने मान खाली घातली होती. निकाल लागल्यासारखाच होता. मी उठून पोरीजवळ जायला निघाले, तर दीप्तीने माझा पदर धरला.

"बसा, आई. तिला विचार करू द्या."

अनुष्का पाळकसाहेबांकडे वळली. तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

"पाळकसाहेब, वस्तू शंभराची असेल तर मी पाचशे कसं म्हणू? ते खोटं होईल ना?"

"खोटं नाही, बेटा. हे विकणं नाही, हे देणं आहे. देवाने वर्षभर सांभाळलं म्हणून माणसं जास्त देतात."

"मग तसं सांगायला हवं," ती म्हणाली. आणि तिने भोपळा पुन्हा उचलला.

"ऐका हां. भोपळा शंभराचा. ते शंभर तर द्यायचेच. त्याच्या वरचे जे बोलाल ते भोपळ्याचे नाहीत, ते उपकारस्तुतीचे. वरचे किती, आणि ते कशाबद्दल, ते सांगा."

कशाबद्दल, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. पाचशे म्हणणं सोपं होतं, हे अवघड होतं. ती भोपळा धरून तशीच उभी राहिली. भोपळा जड होता, पण तिने घाई केली नाही. गिऱ्हाइकाला विचार करू द्यायचा असतो, हे बाजारात बसून तिला ठाऊक झालं होतं.

मग नर्सबाई उठल्या. "माझे वरचे चारशे," त्या म्हणाल्या. "माझा गुडघा. वर्षभर जिना चढता येत नव्हता. आज चढून आले."

टाळ्या पडल्या. त्यानंतर लिलाव थांबेना. एका तरुण जोडप्याने बाळाबद्दल दिले. कंपनीतला एक कामगार म्हणाला, नोकरी टिकली. साळवेमामा घशावर हात ठेवून म्हणाले, "आवाज येईल याबद्दल आगाऊ." जो तो बोली करायचा आणि भोपळा परत टेबलावर ठेवायचा, अगदी आमच्या खळ्यावरच्या त्या अंड्यासारखा. भोपळा आणणारी बाई आता ताठ बसून ऐकत होती. मला वडिलांचा आवाज आठवला, पण खरं सांगते, वडिलांनीसुद्धा कधी कारण विचारलं नव्हतं.

शेवटी सरिताने हात वर केला. "वरचे हजार."

"कशाबद्दल, आत्या?"

"असंच गं."

"असंच नाही चालत," अनुष्का म्हणाली. सगळ्यांना जे विचारलं तेच तिला विचारलं, आत्या म्हणून सूट नाही.

सरिता, जी बँकेत पन्नास माणसांना कामाला लावते, ती बावरली. मी माझ्या लेकीला तसं कधी पाहिलं नव्हतं. ती पर्सच्या चेनशी खेळली. मग म्हणाली, "सुशांतचा फोन आला परवा. माझ्या मुलाचा. खूप दिवसांनी आला. त्याबद्दल."

अनुष्काने मान डोलावली, "एकदा, दोनदा, तीनदा" म्हटलं आणि भोपळा स्वतः आत्याच्या मांडीवर नेऊन ठेवला. यावेळी कुणी तो परत मागितला नाही.

जेवणं झाल्यावर आम्ही सगळे सरिताला पोचवायला महाडच्या डेपोत गेलो. पनवेलची गाडी लागायची होती. बाकावर बसल्या बसल्या सरितानेच विचारलं, "विनीत, जूनचं काय?"

"तू पुरतं बघितलंस ना, ताई?"

"बघितलं."

"मीपण बघितलं. ती इथेच राहील." त्याने बायकोकडे पाहिलं. "मी असं एका दिवसावर टाकायला नको होतं."

"टाकलंत ते बरंच झालं," दीप्ती म्हणाली. "पण पुन्हा नको."

सरिता गाडीच्या दिशेने बघत राहिली. मला वाटलं, ती रागावली. पोरीला शाळेसाठी न्यायचं होतं हे खरंच होतं, पण त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी कुणीतरी हवं होतं, हेही खरं होतं. ते मला त्या हॉलमध्ये कळलं. दीप्तीला बहुतेक आधीच कळलेलं असावं.

"हिचं इंग्रजी कच्चं आहे," सरिता एकदम म्हणाली. "बोलताना अडखळते. मराठीत कितीही लिलाव केले, तरी इंग्रजी लागतंच."

"आहे कच्चं," दीप्ती म्हणाली. "माझंच कच्चं आहे, तर मी किती शिकवणार? तुम्ही घ्या ना, ताई. रोज संध्याकाळी फोनवर. आणि मे महिन्यात दोघींना पाठवते तुमच्याकडे."

"दोघींना? रेश्मा माझ्या भिंती रंगवेल."

"मी फक्त खालीच रंगवते," रेश्मा म्हणाली. "वर हात पुरत नाही."

सरिता पहिल्यांदा खळखळून हसली. मग अनुष्काला म्हणाली, "रोज म्हणजे रोज हं. सबबी चालणार नाहीत. किती वाजता करू फोन?"

"आत्या, आमची प्रार्थना असते ना संध्याकाळी. तिच्या आधी कर."

"आधी कशाला?" सरिता म्हणाली. गाडी लागली होती, ती उठत होती. "प्रार्थनेलाच करते. स्पीकरवर ठेवा. मग तिथूनच इंग्रजी सुरू."

दीप्तीने तिची पिशवी उचलून दिली. "एक स्तोत्र तुमच्याकडे हं, ताई. पाठ करून या. आमच्याकडे वाचून चालत नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही प्रार्थनेची सतरंजी टाकायच्या आतच तिचा फोन आला.