मळवणाऱ्याचे हात

जेवायचं पुरुषाने आणि ताट उचलायचं बाईने, ही घरची रीत आपण कामावरही नेतो. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एमआयडीसीत अजिंक्यची गाड्या पॉलिश करायची शेड आहे. तिथेही तेच. मशीन पुरुषांनी फिरवायचं, पॉलिशच्या कंपाऊंडने बरबटलेले स्पंजाचे पॅड गुणवंतीने धुवायचे.

धुता धुता गुणवंती शिकली. सुकलेलं कंपाऊंड पॅडमध्ये राहिलं की रंगावर ओरखडे उठतात, हे तिच्या बोटांना कळलं. अजिंक्यने तिला मशीन दिलं, आणि चार महिन्यांत गिऱ्हाइकं येऊन विचारू लागली, "त्या ताई आहेत का?"

शेडमधल्या दीपकच्या पोटात दुखायला लागलं. मुंबईत अकरा वर्षं काढून आलेला कारागीर तो! ती गाडीपाशी आली की नाक धरून म्हणायचा, आज बांगड्याचा वास येतोय. तिची आई मिरकरवाड्यात मासे विकते, त्यावरून हा टोमणा. आणि याचे पॅड अजूनही तीच धुवायची.

एका डॉक्टरीणबाईंची काळी गाडी आली. काम दुसऱ्या दिवशी करायचं होतं. त्या संध्याकाळी गुणवंतीने पॅड धुऊन दोन ट्रेमध्ये सुकत ठेवले. एकात चांगले, दुसऱ्यात जुने, डागाळलेले. चांगले तिने स्वतःलाच ठेवले असणार, दीपकने ठरवून टाकलं. तिच्या जागी तो असता तर त्याने तेच केलं असतं. ती घरी गेल्यावर त्याने चांगल्या पॅडांवर जांभ्या दगडाची धूळ चोळली. नारिंगी पॅडवर लाल धूळ दिसेना.

सकाळी गुणवंतीने दोन्ही मशीनना पॅड लावून ठेवले होते. दीपकने मशीन बॉनेटवर धरलं, पण नजर तिच्याकडच्या दारावर. आता उठतील ओरखडे, आता उठतील! दार आरशासारखं निघालं. ओरखड्यांचं जाळं उठलं ते त्याच्याच बॉनेटवर.

अजिंक्य तापला. पॅड कोणी धुतले, म्हणून ओरडला.

"मीच," गुणवंती म्हणाली.

उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही, नुसतं धुवायचं, असं त्याने तिला सुनावलं. दीपकला हवं होतं ते मिळालं. तो हात धुवायला नळावर गेला.

नळावर गाड्या धुणारा म्हातारा सखाराम बसला होता. कालचं त्याने सगळं पाहिलं होतं.

"मेल्या, चांगले पॅड ती रोज तुला देते. मोठा कारागीर म्हणून. जुन्यांवर आपण भागवते. एवढ्या दिवसांत तुझा पॅड कंचा, ता तरी बघितलंस?"

दीपकने नळाखाली हात धरले.

"मळ कुठं बसतो ता धुणाऱ्यालाच कळता. म्हणून ती पुढं गेली. तू धुवायला लाजलास नि जळत बसलास."

"मालकाला सांगणार तुम्ही?"

"मी कशाला? तोंड तुला हाय."

दीपक तसाच ओल्या हातांनी आत गेला आणि गुणवंतीसमोरच अजिंक्यला सगळं सांगितलं. कामावरून काढलंत तरी चालेल, पण तिचं मशीन काढू नका, म्हणाला. अजिंक्यने त्याला काढलं नाही. बॉनेट नीट करून दे आणि आजपासून ज्याचा पॅड त्याने धुवायचा, एवढंच सांगितलं.

त्या दिवशी दीपक पहिल्यांदा पॅड धुवायला बसला. जोर लावून पिळू लागला, तेव्हा गुणवंती म्हणाली, "दादा, पिळू नका, फाटंल. नुसतं दाबा."

त्याने दाबलं. लाल पाणी निघालं.

बंधूंनो, दुसऱ्याच्या हाताला यश आलं की आपण त्यात माती कालवायला धावतो, आणि आपली घाण मात्र बाईने धुवावी म्हणतो. ही लाज आहे! जो मळवतो, त्याने धुवावं. घरात आणि कामावरही.