गारगोटीच्या गाडीत गेलेली जुडी

धोंडुबाई गंगावेशीत रस्त्याकडेला पोतं अंथरून कडुलिंबाची दातवणं विकायची. नवरा केरबा संध्याकाळी नदीकडच्या बांधांवरून फांद्या तोडून आणायचा. ती पानं ओरबाडून, वीतवीतभर तुकडे करून जुड्या बांधायची. बावीस वर्षांत तिच्या हाताखालून न गेलेली काडी विकली गेली नव्हती. पण त्या सोमवारी तिचा गुडघा सुजला आणि केरबानंच जुड्या बांधून टोपली भरून ठेवली.

मंगळवारी सकाळी सातला पिराजी अण्णा आले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे पुढचे दात हलत होते, म्हणून धोंडुबाई त्यांच्या काडीचं टोक दगडानं ठेचून मऊ करून द्यायची. आजही तिनं एक काडी घेतली आणि ठेचली.

दगडावर पांढरा चीक आला. दुधासारखा.

तिचा हात तिथंच थांबला. लिंबाला असा चीक कुठला?

"काय झालं गं?" अण्णांनी विचारलं.

तिनं दुसरी काडी मोडली. कोरडी. तिसरी मोडली. चीक. चौथीला पुन्हा चीक. तिनं बोटाला लागलेला चीक हुंगला, मग झटकन बोट पदराला पुसलं.

"अण्णा, ही पिवळी कण्हेर हाय. बिट्टी."

"आणि ही तू मला देत होतीस?"

तिनं हातातली काडी टोपलीत टाकली. कण्हेरीनं काय होतं ते तिला कुणी सांगायला नको होतं. माहेरी तिच्या डोळ्यांदेखत एक शेळी तडफडून मेली होती. आणि कडू लागलं म्हणून कुणी थुंकून टाकेल म्हणावं, तर लिंबही कडूच. गिऱ्हाईक उलट म्हणणार, आज दातवण चांगलं ताजं हाय.

तिनं केरबाला फोन लावला.

"फांद्या कुठनं आणल्या तुमी?"

"न्हेमीच्याच झाडाच्या. का?"

"खरं सांगा. ह्यात बिट्टी हाय."

केरबाचा आवाज एकदम बारीक झाला. "अंधार पडत आलता गं. हाताला लागलं ते तोडलं. मला... मला दिसंना झालंय. दिवाळीपासनं."

"आणि आज सांगताय?"

"कुणाला विकलीस काय?"

तिनं फोन ठेवला. सकाळपासून दोनच जुड्या गेल्या होत्या. एक समोरच्या चहावाल्या अनुजानं सासऱ्यासाठी घेतली होती. धोंडुबाई सुजल्या गुडघ्यानं रस्ता ओलांडून गेली. जुडी अजून खिळ्याला तशीच लटकत होती. ती तिनं ओढूनच काढली. अनुजा "अगं मावशी, काय झालं?" म्हणेपर्यंत ती परत फिरली होती.

दुसरी एका अनोळखी माणसानं नेली होती. डोक्याला टोपी, हातात निळी पिशवी, पन्नाशीचा. "लवकर दे बाई, गारगोटीची गाडी गाठायची हाय," म्हणाला होता. आणि तिनंच हसून सांगितलं होतं, "गाडीत बसून निवांत चावा की पावणं."

"अण्णा, तो गाडीत चावत बसला असंल."

अण्णांनी हात करून रिक्षा थांबवली. टोपली तशीच उघडी टाकायला नको म्हणून धोंडुबाईनं ती उचलून मांडीवर घेतली. स्टँडपर्यंतच्या वाटेत प्रत्येक सिग्नलला ती रिक्षाच्या दांडीवर मूठ आपटत होती.

गारगोटीची गाडी सव्वासातला सुटली होती. आता साडेसात झाले होते.

चौकशीच्या खिडकीत कृष्णात नावाचा तरुण बसला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "आजी, काडी चावून कोण मरतंय? आणि माणसाचं नाव तरी म्हाईत हाय का?"

"नाव न्हाय म्हाईत. टोपी हाय, निळी पिशवी हाय."

"असे पन्नास असत्यात."

अण्णांनी खिडकीच्या फळीवर हात ठेवला. "पोरा, मी तीस वर्षं ह्या गाड्यांवर काढली. कंडक्टरला फोन लाव. काय न्हाय निघालं तर मला चार शिव्या दे."

कृष्णातनं त्यांच्याकडं पाहिलं, मग फोन उचलला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा वाजून वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा कंडक्टरनं उचलला.

"गाडी कुठं हाय? इस्पुर्ली?... दातवण चावणारा कोण हाय का बघा. टोपीवाला... कुणी विकलं म्हणून विचारतोय तो," कृष्णात तिच्याकडं वळून म्हणाला.

त्यानं फोन स्पीकरवर टाकला. धोंडुबाई खिडकीत वाकली. मागं रांगेतली माणसं ऐकत होती.

"मी विकलं. धोंडुबाई, गंगावेशीतली. त्यात विषारी काडी गेलीया. थुंका म्हणावं, चूळ भरा म्हणावं, रस गिळू नका!"

फोनमधून गाडीची घरघर, कुणाचं तरी ओरडणं, मग कंडक्टर. "हाय हो. खिडकीला बसलाय. जीभ बधिर झालीया म्हणतोय, आत्ताच उलटी केली. मी समजलो गाडी लागली."

"गाडी थांबवा," अण्णा म्हणाले. "एकशेआठला फोन करा. उरलेल्या काड्या संगट द्या, डॉक्टरला दाखवायला."

सरकारी दवाखान्यात ते दोघं आधीच जाऊन उभे राहिले. अँब्युलन्समधून त्याला आणलं तेव्हा तो शुद्धीत होता, पण चेहरा राखेसारखा. त्याचं नाव आकाराम. डॉक्टरीणबाईंनी काड्या पाहिल्या, धोंडुबाईला दोन प्रश्न विचारले आणि त्याला आत नेलं. "हृदयाचे ठोके कमी पडतायत. आजची रात्र धोक्याची आहे," एवढंच सांगितलं.

दुपारी आकारामचा पुतण्या राजवीर आला. तो सगळ्यांसमोर धोंडुबाईवर ओरडला. पोलिसात देतो म्हणाला. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. अण्णा मध्ये बोलायला लागले तर तिनंच त्यांना थांबवलं.

तेवढ्यात केरबा आला. एका हातानं भिंत चाचपत. त्याला कुणी वाट दाखवली होती कोण जाणे.

"तिला बोलू नका," तो राजवीरला म्हणाला. खरं तर राजवीर उभा होता तिथं नव्हे, त्याच्या शेजारच्या खांबाकडं बघून म्हणाला. "काडी मी तोडली. मला दिसत न्हाय. आणि हिला मी सांगितलं न्हाय. हिनं माझ्याकडनं काम काढून घेतलं असतं म्हणून."

राजवीर खांबाकडं बघणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडं बघत राहिला, मग बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोके ताळ्यावर आले. तिसऱ्या दिवशी आकारामला भेटायची परवानगी मिळाली. धोंडुबाई खाटेपाशी उभी राहिली. तिनं नुसते हात जोडले.

"कंडक्टरनं सांगितलं, तुझा फोन आलता म्हणून," आकाराम म्हणाला. "नसता आला तर मी उरलेलीबी चावली असती. गारगोटी येईस्तोवर." त्यानं चादर वर ओढून घेतली. "पोलिसात जाणार न्हाय मी. पण बाई, तुझ्याकडनं परत काय घेणार न्हाय."

"नगा घेऊ," ती म्हणाली.

बाहेर केरबा बाकावर बसला होता. तिनं त्याच्या शेजारी बसून डोळ्यांच्या विभागाची चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. डॉक्टरांनी सोमवारी तपासायला बोलावलं होतं. बहुतेक मोतीबिंदूच असावा, असं म्हणाले होते. केरबानं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.

"काय लिवलंय?" त्यानं विचारलं.

तिनं त्याला सगळं वाचून दाखवलं.