डब्यामागं एक वडी

भिकू खाचरातून परतला तो भिंत धरतच. फवारणीचा पंप सकाळपासून पाठीवर गळत होता. सदरा चिकटून बसलेला, आणि वास असा, की गोठ्यातल्या बैलानंही तोंड फिरवलं.

"काशे, पाठीची आग होते गो."

"व्हनारच! पंप गळतो म्हून येसाजीदादाला सांगा म्हटलं, तं तुमची जीभ झडते."

काशी बोलली खरी, पण हात आधीच खोबरेलाच्या वाटीकडे गेले होते. नारळाच्या मुलखातली माणसं. खाज, आग, भाजणं, सगळ्याला एकच औषध. तिनं मानेपासून कमरेपर्यंत वाटीभर तेल जिरवलं.

भीती तिला नव्हतीच. भातावरच्या किडीचं हे नवं औषध तिच्या सख्ख्या भावानं, येसाजीनं, आणून दिलेलं. सोसायटीतर्फे अलिबागला जाऊन तो दोन दिवस शिकून आला होता. "किडीला विख गो, मानसाला पानी," म्हणाला होता.

घटकाभरात भिकूच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. तोंडातून लाळ गळू लागली. शेजारच्या इसहाक टांगेवाल्यानं टांगा पळवत त्याला रेवदंड्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई टोचली, मग पाठीवरून बोट फिरवलं.

"हे तेल कुणी लावलं?"

"मीच."

"बाई, हे विष तेलात विरघळतं. तेलाबरोबर कातडीतून आत गेलं. साबणानं धुवायचं होतं. औषधाच्या प्रत्येक डब्यामागं साबणाची एक तांबडी वडी देतात. मिळाली नाही?"

तांबड्या वड्या काशीनं पाहिल्या होत्या. येसाजीच्या न्हाणीत, कोनाड्यात रचलेल्या. "मुंबैचा साबन, वन्सं!" भावजय मिरवत होती. काशीनं त्यानंच हात धुऊन तळव्यांचा दोनदा वास घेतला होता.

दवाखान्यातल्या साबणानं तिनं नवऱ्याला तीनदा घासलं. केस, नखं, कानामागं. कपडे विहिरीपासून लांब खड्डा खणून पुरले. भिकू वाचला, पण हातांची थरथर गेली नाही.

भाऊबीजेला येसाजी लुगडं घेऊन आला. पाठ उघडी करून पाटावर बसला.

"लाव गो तेल."

काशीनं तेलाची वाटी उचलून आत ठेवली आणि त्याच्यापुढं तांबडी वडी ठेवली. तेवढ्यासाठी ती रेवदंड्याला चालत जाऊन आली होती.

"तेल न्हाय, दादा. डब्यामागं एक असते म्हनं. आमच्या डब्याची ऱ्हायली होती. मीच आनली."

येसाजीनं मान वर केली नाही. ओटीवर चहा पिणाऱ्या भिकूच्या हातात बशीवर कप वाजत होता.