ब्रेनिनचा डावा कान

"मेण हातात घेऊन बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस, लोवरी. आधी कान बघ." शेवटच्या आजारात एम्रिसदादा हे सारखं म्हणायचा. मग खोकल्याची उबळ यायची, मी उशी सारखी करायचे, आणि दम परतला की तो पुन्हा म्हणायचा, "डावा कान."

ब्रेनिन आमचा मेंढा. मोठ्या प्रदर्शनात डोंगरी मेंढ्यांत तो पहिला आला, तेव्हा दादाने नेरिसला त्याची हातभर ब्राँझची मूर्ती करायला सांगितली. नेरिस अशाच मूर्ती करते. नंबरात आलेले वळू, डुकरं, मेंढे. पुढे ब्रेनिन गेला, मागोमाग दादाही. मूर्ती अजून मेणातच होती.

मंगळवारी नेरिस ते मेण गवत भरलेल्या खोक्यातून घरी घेऊन आली. मी हात पुसून उचललं. पाठीवरची लोकर, शिंगांचा वेढा, नाकावरची सुरकुती... आता शिंकेल की काय असं वाटलं. मग डाव्या कानावर बोट फिरवलं. कान अखंड.

"खाच कुठे गेली?"

"मी बुजवायला सांगितली." माझा भाचा गेथिन चहात बिस्किट बुडवत होता. "एवढा पहिला आलेला मेंढा आणि कान कुत्र्याने खाल्ल्यासारखा! लोक हसतील, आत्या."

"मला वाटलं, जखम असेल," नेरिस ओशाळून म्हणाली.

जखम नव्हती, इदवलची कानखूण होती. आमच्या डोंगरावर कुंपण नाही. सगळ्यांची मेंढरं एकत्र चरतात, म्हणून प्रत्येक घर आपल्या कोकरांच्या कानाला आपली ठरलेली खाच पाडतं. ब्रेनिन जन्मला इदवलच्या कळपात. इदवलचे गुडघे गेले, मुलगा शहरात रमला, कळप विकला गेला. ब्रेनिन आमच्याकडे आला. आता त्या खाचेचं एकही मेंढरू डोंगरावर उरलेलं नाही. प्रदर्शनाहून परतताना दादाने इदवलला शब्द दिला होता, तुझी खाच ब्राँझमध्ये राहील म्हणून.

"तुझ्या बापाचा शब्द आहे, गेथिन."

"बाबांनी कुणाकुणाला शब्द दिले नाहीत? खाच ठेवली की अख्खं खोरं म्हणेल, जिंकला तो इदवलचा मेंढा. मग त्याला धूत होतो, विंचरत होतो, तो मी कोण?"

तेही खोटं नव्हतं.

नेरिसने खोकं बंद केलं. "शुक्रवारी दुपारी मेणावर साच्याची माती चढवते, मग मेण वितळवून ब्राँझ ओतायचं. त्यानंतर काही बदलता येणार नाही. एम्रिस सांगून गेलेत, होकार लोवरीबाईंचाच हवा."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

सकाळी पोटात घोटही जाण्याआधी गुडघे टेकून एक स्तोत्र वाचायचं, हा माझा नेम. बुधवारी एकाच ओळीवर अडकून बसले. पुसलेल्या काचा पुन्हा पुसल्या. माडीवर गेले आणि कशाला आले तेच आठवेना. बटाट्यांत मीठ घातलं, विसरून पुन्हा घातलं.

"आत्या, समुद्र वाढलास का ताटात?" गेथिन म्हणाला. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी चॅपलात इदवल काठी टेकत माझ्या बाकावर सरकला. "काय गं लोवरी, आले का आमचे साहेब?"

"आले. मेणात."

"आणि कान?"

"बघितला मी."

"मग झालं!" तो बराच वेळ टोपी मांडीवर फिरवत राहिला. "माझ्यामागे तेवढा कान तरी राहील."

खोटं बोलले नव्हते. तरी प्रार्थनेत ओठ हलेनात.

गुरुवारी मी गोठ्यात गेले. गेथिन एका मेंढीचे खूर कापत होता.

"मूर्तीखाली नावाची पट्टी बसवू," मी म्हटलं. "वाढवला एम्रिस आणि गेथिन यांनी, असं स्पष्ट लिहू."

"पट्टी कोण वाचतं, आत्या? कान सगळे बघतात."

"म्हणूनच तर."

त्याने मेंढी सोडून दिली आणि पाठ फिरवून कात्री पुसत राहिला. रागावला होता. मीही रागावले होते. राग घेऊन निजायचं नाही, हाही माझा नेम. त्या दिवशी तो मोडला.

शुक्रवारी स्तोत्र एका दमात वाचून झालं. मी चहा घेतला, कोट घातला, टोपी चढवली.

"कुठे निघालीस?" गेथिनने ताटातून मान वर केली.

"नेरिसकडे. बसने. वाटेत इदवलला घेते."

"त्याला कशाला?"

"खाच ज्याची त्यानेच पाडायची असते, बाळा. चाकूही त्याच्याकडेच आहे."

त्याने मला अडवलं नाही, गाडीची किल्लीही पुढे केली नाही. त्याच्यासाठी मनुक्यांचा पाव कापून ठेवला होता, तो झाकला. दार ओढून घेतलं आणि इदवलच्या घराची वाट धरली.