अंदमानला न गेलेली ट्यूब

मी एक जुनी रबरी ट्यूब आहे, मित्रांनो. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकात असते ना, ती. माझ्या अंगावर पाच ठिगळं आहेत. त्यांची मला लाज वाटत नाही, पण पाचव्या ठिगळाची आठवण आली की अजून जीव घाबरा होतो.

कारखान्यातल्या कढत वाफेत मला आकार मिळाला. नशिराबादजवळ हायवेवर टायरचं एक दुकान आहे. तिथून लीलाधर आबांनी मला धरणगावकडच्या त्यांच्या मळ्यात आणलं. आठ वर्षं मी चाकात बसून राबले. काळ्या मातीची नांगरट केली, कापसाने गच्च भरलेली ट्रॉली ओढायला मदत केली. आबा चाकावर थाप मारून शेजाऱ्यांना अहिराणीत सांगत, "हाई ट्यूब म्हंजे मना तिसरा बैल शे!" तेव्हा माझी छाती आणखी फुगायची.

पुढे बाभळीचे काटे लागले, खिळे लागले. चार ठिगळं झाल्यावर माझ्या जागी नवी ट्यूब बसली. दोन उन्हाळे मी विहिरीत गावच्या पोरांना पोहायला शिकवलं. मग विहीर आटली. आबांनी मळ्यात शेततळं खोदून त्याला प्लास्टिकचा कागद अंथरला आणि मला घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये खुंटीला टांगलं. उन्हाने माझं रबर तडकत गेलं. कोणी पाहिलं नाही.

याच शेडमध्ये गेल्या दिवाळीनंतर अंदमानचा बेत ठरला. आबांचा मुलगा हितेंद्र आणि सून नूतन यांच्या लग्नाला वीस वर्षं होणार होती. त्यांची मुलगी डिंपल जळगावला फार्मसीच्या पहिल्या वर्षाला. तिने मोबाईलवर निळं पाणी दाखवलं, बेटं दाखवली. जानेवारीतली विमानाची तिकिटं निघाली. आबांनी गुडघ्यांमुळे आधीच हात जोडले होते.

"मग पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक बेटावर बोटीने," डिंपल म्हणाली, "आणि तिथे समुद्रात उतरायचं. मासे बघायचे."

नूतनच्या हातातलं ताट तिथेच थांबलं. "मी बोटीत पाय ठेवणार नाही. आणि तूही पाण्यात उतरणार नाहीस."

नूतन दहा वर्षांची असताना तिची धाकटी बहीण रत्ना तिच्या डोळ्यांदेखत कालव्यात वाहून गेली होती. तेव्हापासून नूतन शेततळ्याच्या बांधावरही चढत नसे. रोज संध्याकाळी बेत पुढे सरके आणि बोटीपाशी येऊन अडे. हितेंद्र चिडायचा, डिंपल रडकुंडीला यायची, नूतन नाहीच म्हणायची.

मग एका रविवारी सकाळी हितेंद्र जळगावला गेलेला असताना डिंपलने मला खुंटीवरून काढलं. पंपाने भराभर हवा भरली. दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि निघाली. शेततळ्याच्या बांधावर तिने मोबाईल उभा केला आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "मम्मी, बघ हं. मी पाण्यात उतरतेय आणि मला काहीही होणार नाहीये."

आईची भीती घालवायला ती हे चित्रण तिला दाखवणार होती.

पाणी गार होतं. ती माझ्यावर रेलून मधोमध गेली, हसली, हात हलवला. आणि त्याच वेळी वॉल्व्हपाशी माझं तडकलेलं रबर उकललं. सुस्स करून हवा निघू लागली. मला कळत होतं, पण तिला कसं सांगणार? हवा पाण्याखालून जात होती. मी एका बाजूने खचले तेव्हा कुठे ती दचकली. पाय मारत काठाला आली. कागदावर शेवाळ धरलं होतं. ती दोन हात वर चढली की तीन हात खाली घसरत होती. नखं लावली, तरी कागद हाती लागेना.

"मम्मी! मम्मीऽऽ!"

नूतन धावत बांधावर आली. पाणी पाहिलं आणि तिचे पाय जागीच खिळले. मागून आबा काठी टेकत, ओरडत आले, "उडी मारू नको! दोर फेक, बेटा, दोर!"

तिने बांधावर पडलेला बैलाचा दोर उचलून फेकला. डिंपलची बोटं गारठून आखडली होती. दोर हातातून सुटला. पुन्हा फेकला, पुन्हा सुटला. माझ्यात आता अर्धीही हवा उरली नव्हती. डिंपलची हनुवटी पाण्याला लागली होती. उरलेली हवा मी मुठीत धरावी तशी धरून होते.

नूतनने दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. दुसरं आबांनी बांधावरच्या ठिबक सिंचनाच्या फिल्टरच्या लोखंडी पाइपाला दोन वेढे देऊन धरलं. नूतन कागदावर पालथी झाली आणि खाली सरकली. पाणी पावलांना लागलं, गुडघ्यांना लागलं, कमरेला लागलं. ती मोठ्याने रडत होती, पण थांबली नाही. तिने डिंपलचं मनगट पकडलं.

"धरी ठेव! सोडू नको!" आबा वरून ओरडत होते. आवाज ऐकून शेजारच्या मळ्यातले अभिमन आणि त्यांची बायको धावत आले. तिघांच्या जोरावर मायलेकी वर आल्या. मी पाण्यात चिंधीसारखी पडून राहिले.

दुपारी हितेंद्र परतला. सगळं ऐकून त्याने खिशातून मोबाईल काढला. "तिकिटं रद्द करतो. अंदमान नको आणि काही नको."

"रद्द करू नका," नूतन म्हणाली. तिच्या कोपरांना हळद लावलेली होती. "रत्ना गेली तेव्हा मला पोहता येत नव्हतं. आजही येत नव्हतं. पाण्यापासून पळण्यात माझी तीस वर्षं गेली. आधी मी पोहायला शिकेन, मग जाऊ."

डिंपल मान खाली घालून म्हणाली, "मी पण."

दोघी जळगावच्या तरणतलावात जाऊ लागल्या. पहिला आठवडा नूतन नुसती पायरीवर बसून आली. दीड महिन्याने तिने तलावाची रुंदी एका दमात पार केली. इकडे हितेंद्रने शेततळ्याला जाळीचं कुंपण केलं, आत गाठी मारलेले दोर सोडले. मला पाण्यात बुडवून कुठे बुडबुडे येतात ते पाहिलं आणि पाचवं ठिगळ लावलं. आता मी कुंपणाला, सावलीत टांगलेली असते. कोणी पडलंच तर फेकायला. आबा दर आठवड्याला मला तपासतात.

जानेवारीत ते तिघे गेले आणि आठ दिवसांनी उन्हाने काळवंडून परत आले. आबांना बांधावर गाठून नूतन सांगत होती, "बोट फार हलली, आबा. मला उलटी झाली. भीतीही वाटली."

"मंग?"

"मग काही नाही. तिघांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे मी स्वतः ओढून पाहिले आणि उतरले पाण्यात."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मित्रांनो, मी अंदमान पाहिलं नाही, पाहणारही नाही. पण पाण्याकडे निघालात तर एकटे जाऊ नका. आणि माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू खुंटीवरून काढलीत, तर आधी तिच्याकडे नीट बघा. वर्षानुवर्षं आम्हाला विसरायचं आणि एके दिवशी आमच्यावर जीव सोपवायचा, हे बरं नाही. आम्ही जीव तोडून धरून ठेवतो, पण सुटायला लागलो की आम्हाला हाक मारता येत नाही.