कच्ची बी

सव्वीस जानेवारीला सकाळी परशुरामने शाळेत झेंडा फडकवला आणि घरी येऊन डोक्यावरची टोपीही न काढता तो घरापुढच्या खळ्यात येरझाऱ्या घालू लागला. दुपारी काजू कंपनीचा धनेश करारावर सही घ्यायला येणार होता. पाच वर्षे बागेतली सगळी काजू बी त्याच्या कंपनीलाच द्यायची आणि भाव कंपनी ठरवणार, यंदाचा तर गेल्या वर्षीपेक्षाही कमी. नाही म्हणावे, तर बी घेणार कोण? हो म्हणावे, तर पाच वर्षे हात बांधलेले!

धनेश आला. खुर्चीवर बसून एकेक अट वाचू लागला. देवळात गाऱ्हाणे घालताना म्हणतात, तसे परशुराम प्रत्येक अटीला पुटपुटत होता, "होय म्हाराजा." खुर्चीवर कोणीही बसो, त्याची मान हलायचीच.

"शेवटची अट. घरात बी फोडून गर विकायचा नाही."

"होय म्हा..."

"बाबानू, थांबा!" सून संचिता दाराआडून बाहेर आली. पाहुण्यासमोर बाईमाणसाने बोलायची या घरात रीत नव्हती.

धनेश हसला. "काका, आता सुनेचा राज आसा काय?"

"भाव कमी कित्याक, ता आधी सांगा," संचिता म्हणाली.

"आफ्रिकेतली बी स्वस्त येता. आम्ही काय करूचा?"

"आणि थंयच्या शेतकऱ्याक सांगत असतलात, भारतात स्वस्त मेळता म्हणान!" ती सासऱ्याकडे वळली. "बाबानू, थंयसूनय गोरो साहेब गेलो, हंयसूनय गेलो. झेंडो दोघांकय मेळलो. पण दोघंय अजून कच्ची बीच इकतत आणि भाव तिसरोच ठरयता. सकाळी झेंडो तुम्हीच लावलात मा?"

"पण गर इकूचो कोणाक?" परशुरामने विचारले.

"सासूबायंनी वाट दाखवली होती. तुम्ही आयकलात नाय."

परशुरामची नजर पडवीकडे गेली. त्याची बायको मथुरा दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर जायची आणि आपल्याच बागेतली बी फोडायची. तिने हौसेने बी फोडायचे यंत्र आणले, तेव्हा तो म्हणाला होता, "ह्या बायकांचा काम न्हय." यंत्र पडवीत गोणपाटाखाली गेले. पुढे मथुराही गेली. तिच्या बोटांवरचे काजूतेलाचे काळे डाग शेवटच्या आंघोळीतही निघाले नव्हते.

तो उठला. पडवीत जाऊन त्याने गोणपाट ओढले. यंत्राला गंज चढला होता.

"धनेश, मी सही करूचंय नाय!"

"मगे मे महिन्यात बी घेवन माझ्या दारात येव नकात!" धनेश कागद गुंडाळून निघून गेला.

परशुरामने रिकामी खुर्ची सुनेपुढे सरकवली. "बस गो. सांग, सुरवात खंयसून करूची?"

"शेजारच्या विनीताकाकीपासून. एकट्यान जमूचा नाय."

गर खपेल की नाही, ही भीती त्याला अजून होतीच. तरी त्याने गंज घासायला घेतला.

बंधुभगिनींनो, साहेब गेला की देश सुटतो. आपल्या मालाला आपला हात लागतो आणि घरातल्या बाईला मत विचारले जाते, तेव्हा माणूस सुटतो. ते मत ती असतानाच विचारा!