पाठीमागचे हात

शिट्टी.

फुटबॉल सामन्याआधी साठ सेकंदांचं मौन. एडनासाठी. चाळीस वर्षं ती आमच्या स्टँडखालच्या टपरीत मटण भरून भाजलेल्या पाई विकायची. मंगळवारी गेली.

अठ्ठावन्न.

वीस हजार माणसं गप्प झाली. हळूहळू नाही. एकदम.

दीड वर्ष मी क्लबच्या या दंगेखोर समर्थकांत आहे, रॉय नावाचा रंगारी बनून. खरा मी पोलीस. या टोळीला मी स्टेशनावर बाटल्या फोडताना पाहिलंय, परक्या गावच्या पोरांचे दात पाडताना पाहिलंय. असं कधीच नव्हतं पाहिलं. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, तेवढाच आवाज. मैदानापलीकडे कुणीतरी नाक ओढलं, तेही ऐकू आलं. अंगावर काटा आला. एक पायरी वर, माझ्या बाजूला तिरका क्लेम, कपाळावर विटेचा व्रण असलेला क्लेम, टोपी छातीशी धरून रडत होता. तोंड मिटून, आवाज न करता.

त्रेचाळीस.

क्लेमची नजर माझ्या हातांवर आली.

हात पाठीमागे. उजव्या मुठीत डावं मनगट. पाय फाकलेले, पाठ ताठ, कवायतीतलं 'विश्राम'. बाकी सगळ्यांचे हात पुढे, नाहीतर खिशात. शिव्या, चाल, पिणं, सगळं मी नव्यानं शिकलो होतो. मौन पाळायला कुणी शिकवलं नव्हतं.

सैन्यात होतो म्हणावं, तर पहिल्याच भेटीत सांगून बसलेलो: तळपाय सपाट, घेतलं नाही.

हात सोडवावेत, तर वीस हजारांत हलणारा मी एकटा.

एकतीस.

माझ्या अगदी मागे बार्नी. टोळीचा म्होरक्या. तीन वर्षं तुरुंगात होता. असे उभे राहणारे लोक त्याने रोज पाहिलेत. त्याचा श्वास मानेवर. आता सुरा, मला वाटलं.

माझ्या डाव्या तळहातावर काहीतरी गरम आलं.

पाई. बार्नीची, अर्धी खाल्लेली.

क्लेमच्या रडक्या तोंडावर हसू फुटलं. त्याला वाटलं, मौनात खाणं बरं दिसत नाही, म्हणून मी पाई लपवतोय! त्याने ओठ चावला. तोही गप्पच राहिला. सगळेच. देवळातसुद्धा मी इतका लहान झालो नव्हतो.

चार. तीन.

शिट्टी, आणि छप्पर हादरवणारी आरोळी. त्या आरोळीत बार्नीचं तोंड माझ्या कानाशी.

"एडनाच्या मिनिटात रक्त नको, म्हणून झाकलं. कळलं का रे, हवालदारा?"

"बार्नी, मी..."

"गप. खेळ सुरू झाला की क्लेमला सांगणार. पाई गरम आहे तोवर गेटबाहेर हो."

"ए रॉय, खादाडा!" क्लेम ओरडला. "म्हातारी मानगुटीवर बसेल तुझ्या!"

"सॉस आणतो," मी म्हणालो.

"माझ्यासाठी पण आण, चिकटा!"

पायऱ्या. माणसं बाजूला होत होती, खांद्यावर थापा मारत होती. टपरीच्या खिडकीत फुलं होती. टपरी मागे पडली. गेट आलं.

आत गर्जना झाली. चेंडू हलला असणार. मग ती ओसरताच वर स्टँडमधून क्लेमचा आवाज, चिरका, लहान मुलासारखा:

"पोलीस? आपला रॉय?"

मी पळालो. पाई टाकली नाही.